संपर्क शोधानं साथ खरंच मंदावली का? तालुक्याच्या पातळीवर मोजायचं कसं

कोरोनाच्या दिवसांत तालुक्याच्या बैठकीत एक प्रश्न हमखास यायचा, "पेशंटमागं कॉन्टॅक्ट किती काढले?" सातारा जिल्ह्यात आरोग्याच्या आकडेवारीचं काम करताना मीही त्याच प्रश्नाचं उत्तर तयार करत बसायचो. एका आठवड्यात आमचा आकडा सातावरून एकोणीसवर गेला. वरून आकडा वाढवायला सांगितलं होतं, तो वाढला. बैठकीत कौतुक झालं. नंतर एका रात्री मूळ रजिस्टर चाळताना दिसलं की एका वाडीतल्या पेशंटचे सगळे कॉन्टॅक्ट अकारविल्हे लावलेले आहेत. आजारी माणूस कुणाला अकारविल्ह्यानं भेटत नाही. नावं सरळ मतदार यादीतून उतरवली होती. उतरवणाऱ्याला दोष देत नाही. आपण जे मोजतो तेच आपल्याला मिळतं.

म्हणून हा लेख. आरोग्य सहायक, समुदाय आरोग्य अधिकारी, मिरज-कराडकडं वैद्यकीय शिकणारी मुलं, किंवा पुढच्या साथीत गावाची माहिती सांभाळायला बसणारा कुणीही, त्यांच्यासाठी. लागतं काय, तर एक रजिस्टर, एक्सेल येणारा एक माणूस आणि खोटं न भरण्याची मुभा. विचारायचं एवढंच की आज सापडलेला नवा पेशंट आजारी पडण्याआधी आपल्या यादीत होता का, आणि असला तर तो घरात थांबला होता का?

आधी आजाराचा स्वभाव बघा

संपर्क शोध, म्हणजे पेशंटच्या सहवासात आलेली माणसं शोधून त्यांना घरात थांबवणं, ही विषाणूशी लावलेली शर्यत. ती जिंकता येण्याजोगी आहे का, हे बरंचसं आजारच ठरवतो. २००३ च्या सार्समध्ये माणूस आधी आजारी पडायचा आणि सर्वांत जास्त संसर्ग नंतर, बहुधा दुसऱ्या आठवड्यात पसरवायचा. म्हणजे ताप आल्यावर उचललं तरी वेळ हातात असायचा. कोविडमध्ये संसर्ग लक्षणांच्या साधारण दोन दिवस आधीपासून सुरू होतो आणि लक्षणं दिसतात त्याच सुमारास शिखरावर असतो. ताप आला, दोन दिवस अंगावर काढला, तिसऱ्या दिवशी नमुना दिला, पाचव्या दिवशी अहवाल आला, की बराचसा खेळ आटोपलेला असतो.

गोवरात पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत संसर्ग होतो. पण तिथं एक हत्यार आहे: संपर्कानंतर ७२ तासांत लस दिली तर आजार टळू शकतो. म्हणून गोवरात मोजायचे ते ७२ तास. निपाहमध्ये संपर्कातल्या माणसावर २१ दिवस लक्ष ठेवतात. क्षयरोगाची गोष्टच निराळी, त्याकडं शेवटी येतो.

काम सुरू करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी लिहा. संसर्ग झाल्यापासून लक्षणांपर्यंत किती दिवस, माणूस कधीपासून कधीपर्यंत दुसऱ्याला देतो, आणि एका पेशंटच्या लक्षणांपासून त्यानं दिलेल्या पुढच्या पेशंटच्या लक्षणांपर्यंत सरासरी किती दिवस. कोविडच्या २०२० मधल्या रूपात पहिला आकडा साधारण पाच दिवस, तिसरा चार ते पाच दिवस. पुढची सगळी मोजणी या तीन ओळींवर उभी आहे.

रजिस्टर: नावांपेक्षा तारखा

पेशंटच्या चार तारखा लागतात: लक्षणं सुरू झाली, नमुना दिला, अहवाल आला, पथकानं त्याला गाठलं. संपर्कातल्या प्रत्येक माणसाच्या पाच: पेशंटशी शेवटचा संबंध, नाव यादीत चढलं, निरोप पोचला, तो खरोखर घरात थांबला, आणि लक्षणं आलीच तर ती कधी. यादीत चढणं, निरोप पोचणं आणि घरात थांबणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक रजिस्टरांत त्यांचा एकच रकाना असतो, आणि तिथंच सगळी मोजणी वाया जाते.

लक्षणांची तारीख सर्वांत मोलाची आणि सर्वांत चुकीची भरलेली असते. बऱ्याच जागी तिथं अहवालाचीच तारीख टाकलेली सापडते. "ताप कधी आला?" असं विचारलं की "चार-आठ दिस झालं" हेच उत्तर येणार. त्याऐवजी गावच्या दिनक्रमाला धरून विचारा. डेअरीला दूध घालायला कधीपासून गेला नाहीत? बाजाराच्या दिवशी बरं होतं का? पालीच्या यात्रेआधी की नंतर? उसाला रात्रीची पाळी देऊन आलात त्या दिवशी अंग दुखत होतं का? तारीख आपोआप निघते.

"कुणाकुणाला भेटलात?" हाही वाया जाणारा प्रश्न. माणूस घरातली चार नावं सांगून थांबतो. आमच्या भागात याद्या वाढल्या त्या जागा विचारल्यावर. वडापनं (शेअर जीपनं) गेलात का, शेजारी कोण होतं? सलून? कुणाची माती, सावडणं, दहावा? लग्नाची बैठक? मुंबईहून कुणी आलं होतं? पाटण-जावळीकडं हा शेवटचा प्रश्न पहिला विचारावा. विटा-आटपाडीकडची गलाईवाली (सोनं-चांदी गाळणारी) मंडळी देशभर पसरलेली. तिथं साखळीचं मूळ परराज्यात असू शकतं. आणि ऊसतोडीची टोळी असेल तर पत्ता लिहून भागत नाही, कोप्या उद्या दुसऱ्या फडाला हलतात. टोळीच्या मुकादमाचा फोन हाच पत्ता.

एक्सेलबद्दल दोन सूचना, दोन्ही अनुभवाच्या. ०५/०६ ही तारीख एका संगणकावर ५ जून आणि दुसऱ्यावर ६ मे होते, म्हणून महिना अक्षरांत लिहा. आणि वाळवा तालुक्यात एकाच नावाचे तीन पाटील सहज मिळतात, म्हणून प्रत्येकाला क्रमांक द्या. विश्लेषणाच्या फाईलमध्ये फक्त क्रमांक ठेवा, नावं वेगळ्या वहीत, कुलपात.

साखळी मांडा

आपल्याकडं हेळवी येतात आणि घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ वाचून दाखवतात. साथीचीही तशीच वंशावळ मांडायची. कुणापासून कुणाला झालं, त्याची रेघ. रेघ ओढायला दोन अटी: दोघांची भेट झाल्याची नोंद हवी, आणि दोघांच्या लक्षणांतलं अंतर आजाराच्या स्वभावात बसायला हवं. आदल्या दिवशी भेटला आणि दुसऱ्या दिवशी ताप आला, तर ते नातं कोविडचं नव्हे. दोन बाप संभवत असतील तर दोन्ही तुटक रेघांनी दाखवा. बाप सापडत नसेल तर ‘मूळ अज्ञात’ लिहा आणि लाजू नका. हा आकडा फार बोलका आहे. ‘मूळ अज्ञात’चं प्रमाण वाढायला लागलं की समजावं, साथ आपल्या यादीच्या बाहेर धावते आहे.

अशा वंशावळीचं सगळ्यांना आठवणारं उदाहरण सांगली जिल्ह्यातलं. २०२० च्या मार्चमध्ये सौदी अरेबियाहून परतलेल्या एका कुटुंबातले चौघं इस्लामपुरात बाधित निघाले आणि पुढच्या काही दिवसांत त्यांच्या नात्यागोत्यातले धरून आकडा पंचवीसच्या आसपास गेला. जवळजवळ सगळ्या रेघा एकाच मुळाशी जाणाऱ्या. संपर्कातल्यांना वेगळं ठेवलं, भाग बंद केला, मिरजेत उपचार झाले आणि ती साखळी काही आठवड्यांत थांबली. मग श्रेय संपर्क शोधाचं का? त्याच आठवड्यात देशभर टाळेबंदी लागली होती, वडाप बंद, बाजार बंद. शोधाचा वाटा किती आणि बंदचा किती, हे त्या एका साखळीकडं पाहून कुणालाच सांगता येणार नाही. हा पेच डोक्यात ठेवा, पुढं तो सोडवायचा आहे.

पहिले दोन आकडे

आता एक काल्पनिक तालुका घेऊ. चार आठवड्यांत ४० पेशंट. हिशोब सोपा जावा म्हणून आकडे मीच ठरवलेत.

४० पैकी १४ जण आजारी पडण्याआधीच कुणाच्या ना कुणाच्या संपर्क यादीत होते. म्हणजे ३५ टक्के. त्या १४ पैकी ९ जण लक्षणं आली त्या दिवशी आधीच घरात थांबलेले होते. म्हणजे एकूण पेशंटांच्या २२.५ टक्के. दर सोमवारी हे दोन आकडे फळ्यावर लिहा. बाकी काही जमलं नाही तरी चालेल. यादी फुगवून यातला दुसरा आकडा फुगत नाही, हा त्याचा मोठा गुण. मतदार यादी उतरवणाऱ्याला इथं फायदा नाही, कारण निरोप पोचून माणूस घरात थांबल्याची तारीख लागते.

या दोन आकड्यांत मोठी दरी असेल (यादीत १४, थांबलेले ९) तर गाडी कुठं अडते ते शोधा. निरोप उशिरा गेला, की निरोप जाऊनही माणूस थांबला नाही? पहिलं पथकाचं काम, दुसरं पोटाचं. द्राक्षाच्या हंगामात रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला चौदा दिवस घरी बस म्हणणं म्हणजे चौदा दिवसांची मजुरी सोड म्हणणं. किराणा पोचवणाऱ्या गावात हा आकडा कसा आहे आणि न पोचवणाऱ्या गावात कसा, हेही मोजता येतं. मोजावं.

वेळ मोजताना सरासरी नको, मधला आकडा घ्या. अहवाल आल्यापासून संपर्कातल्या माणसाला निरोप पोचेपर्यंत किती तास, असे सगळे आकडे चढत्या क्रमानं लावून बरोबर मधला. एखादा पेशंट मुंबईला निघून गेला आणि बावीस दिवसांनी सापडला, तर तो एकटा सरासरी बिघडवतो.

मोकळे दिवस

माणूस संसर्ग देऊ शकतो आणि तरीही लोकांत फिरतो आहे, असे दिवस मोजायचे. मी त्यांना मोकळे दिवस म्हणतो. कोविडसाठी लक्षणांच्या दोन दिवस आधीपासून तो वेगळा राहीपर्यंत.

आपल्या तालुक्यात यादीबाहेरच्या २६ जणांचे मधले मोकळे दिवस ७ निघाले: लक्षणांआधीचे २ आणि नंतर अंगावर काढणं, नमुना, अहवाल मिळून ५. यादीतल्या १४ जणांचे २. ढोबळ हिशोबानं माणशी ५ दिवस वाचले, एकूण ७०. मात्र सगळे दिवस सारखे धरू नका. लक्षणांच्या आसपासचे दोन-तीन दिवस सर्वांत जड असतात. आठव्या दिवशी विलगीकरण करून वाचवलेला दिवस कागदावर एक, प्रत्यक्षात जवळपास शून्य. म्हणून वाचलेले दिवस लिहिताना ते लक्षणांआधीचे की नंतरचे, ही वाटणी दाखवा.

कुणी किती जणांना दिला, आणि कुठं?

इथून खरी मजा. वंशावळीत प्रत्येक पेशंटची ‘मुलं’ मोजा, म्हणजे त्याच्यापासून झालेले पुढचे पेशंट. आपल्या ४० पैकी २९ जणांचं मूळ सापडलं, ११ अज्ञात. २९ पैकी २३ जणांना संसर्ग यादीबाहेरच्या २६ पेशंटांकडून झाला. माणशी ०.८८. उरलेले ६ यादीतल्या १४ जणांकडून. माणशी ०.४३. म्हणजे निम्म्याहून कमी. शोध झाला नसता आणि हे १४ जणही बाकीच्यांसारखे वागले असते तर त्यांच्यापासून १२ जणांना झाला असता. झाला ६ जणांना.

हेच आकडे घर आणि बाहेर असे फोडा. यादीतल्यांनी दिलेल्या ६ पैकी ५ घरातच, बाहेर फक्त १. यादीबाहेरच्यांनी दिलेल्या २३ पैकी घरात ११, बाहेर १२. म्हणजे घराबाहेरचा संसर्ग माणशी ०.०७ विरुद्ध ०.४६. घरातला ०.३६ विरुद्ध ०.४२, फारसा फरकच नाही. दोन खोल्यांच्या घरात सात माणसं, एक संडास, तिथं ‘गृहविलगीकरण’ हा शब्द कागदावरच राहतो. पण साखळी एका घरातून दुसऱ्या घरात जायची थांबली, आणि साथ तिथंच मंदावते. सगळे आकडे एकत्र ठेवून तुम्ही हा फरक झाकून टाकला असता.

आता या सुंदर आकड्यांवर संशय घ्यायची वेळ. तीन ठिकाणी ते फसवतात.

ते ११ अज्ञात मूळ असलेले पेशंट कुणाची तरी मुलं आहेतच, फक्त बाप सापडला नाही. बहुधा ती यादीबाहेरच्यांची, किंवा ज्यांची चाचणीच झाली नाही अशांची. म्हणजे खरा आकडा ०.८८ हून मोठा असणार. उलट बाजूनं, यादीतल्या माणसाच्या घरच्यांची आपण तपासणी जास्त करतो, म्हणून त्याची लक्षणं नसलेली मुलंही सापडतात आणि ०.४३ फुगतो. दोन्ही चुका शोधाचा परिणाम कमी दाखवतात. तिसरी चूक उलटी आहे: जे निरोप मिळताच घरात बसतात ते मुळातच सांभाळून राहणारे असू शकतात. त्यांनी शोधाशिवायही कमीच लोकांना दिला असता.

आणखी एक, नवशिक्यांकडून नेहमी होणारी. शेवटच्या आठवड्यातल्या पेशंटांना मुलं कमी दिसतातच, ती अजून आजारी पडायची आहेत. म्हणून शेवटच्या दोन आठवड्यांत लक्षणं आलेले पेशंट ‘बाप’ म्हणून मोजू नका. नाहीतर दर सोमवारी साथ संपत आल्यासारखी वाटेल. (वरच्या उदाहरणात हिशोब सोपा राहावा म्हणून ही गाळणी केलेली नाही.)

‘शोध नसता तर?’ याचं उत्तर कुठून आणायचं

आधी-नंतर तुलना सर्वांत सोपी आणि सर्वांत फसवी. पथकं वाढवतात कधी, तर पेशंट शिखरावर असताना. शिखरावरून आकडा तसाही उतरणारच असतो. देवऋषीकडं माणूस दुखणं टोकाला गेल्यावर जातो, नंतर उतार पडतो, श्रेय अंगाऱ्याला. आपण त्याच्यासारखं करायचं नाही.

शेजारच्या दोन तालुक्यांची तुलना थोडी बरी, पण माण आणि कराड यांची तुलना करून काय हाती लागणार? एकीकडं विखुरलेल्या वाड्या, दुसरीकडं बाजारपेठ आणि महामार्ग.

त्यापेक्षा शोधात आपोआप झालेला उशीर शोधा, जो पेशंटच्या स्वभावामुळं किंवा गावामुळं झालेला नाही. याचं जगातलं गाजलेलं उदाहरण इंग्लंडचं. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातले १५,८४१ बाधित तिथल्या यंत्रणेच्या नोंदीतून गळाले, कारण एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाईलला ६५,५३६ ओळींचीच मर्यादा होती. बाधितांना आपला अहवाल कळला, पण त्यांचे संपर्क वेळेवर शोधले गेले नाहीत. कोणत्या भागातले किती गळाले हे साथीनं नव्हे, फाईलनं ठरवलं. अभ्यासकांनी जास्त गळालेल्या आणि कमी गळालेल्या भागांची पुढच्या आठवड्यांची तुलना केली आणि या एका चुकीशी सव्वा लाखाहून अधिक जादा संसर्ग आणि दीड हजारांवर मृत्यू जोडले जातात असा अंदाज मांडला. संपर्क शोधाचं मोल सांगणारा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो, आणि तो मिळाला एका गचाळ फाईलमुळं.

आपल्याकडंही असे उशीर रोज होतात. शनिवारी संध्याकाळी आलेला अहवाल सोमवारी उघडला जातो, मंगळवारी आलेला त्याच दिवशी. शनिवारचे पेशंट आणि मंगळवारचे पेशंट असे दोन ढीग करा. दोन्ही ढिगांत वय, घरातली माणसं, गावाचा आकार, लक्षणांपासून नमुन्यापर्यंतचे दिवस सारखे आहेत का ते आधी तपासा. शनिवारी फक्त अत्यवस्थ माणसंच नमुना देत असतील तर तुलना बाद. सारखे असतील तर प्रत्येक ढिगातल्या पेशंटची मुलं, आणि नातवंडंही, मोजा. फरक दिसला तर तो बराचसा त्या दीड-दोन दिवसांचा. दिवाळीच्या सुट्ट्या, सर्व्हर बंद पडलेले दिवस, आशाताईंच्या संपाचे दिवस, सगळे याच कामाचे. एका तालुक्याचे पेशंट पुरत नाहीत. दोन-तीन महिन्यांचे, जमल्यास अख्ख्या जिल्ह्याचे एकत्र घ्या.

आधीच ठरवून करायचं असेल तर नवी पथकं सगळ्या तालुक्यांना एकदम न देता दर आठवड्याला दोन तालुक्यांना द्या, आणि क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. तसंही मनुष्यबळ एकदम मिळत नाहीच. मग त्या नाइलाजाचा फायदा का घेऊ नये? कुष्ठरोगात असा चिठ्ठीवजा प्रयोग झालेला आहे: बांगलादेशात पेशंटच्या संपर्कातल्यांना रिफाम्पिसिनचा एकच डोस देऊन पाहिला, आणि पहिल्या दोन वर्षांत नवे रुग्ण सुमारे ५७ टक्क्यांनी कमी निघाले. चिठ्ठीनं गट पाडले होते म्हणून त्या आकड्यावर विश्वास ठेवता येतो.

गुणाकार, आणि दुसऱ्या लाटेत काय झालं

वरिष्ठांना एका ओळीत समजावायचं असेल तर तीन भागांचा गुणाकार करा. एकूण बाधितांपैकी किती जण आपल्याला सापडतात, सापडलेल्यांच्या संपर्कातून पुढं बाधित होणाऱ्यांपैकी किती जण यादीत येतात, आणि यादीत आल्यानं त्यांचा पुढचा संसर्ग किती टळतो. समजा निम्मे सापडतात, त्यांचे ६० टक्के यादीत येतात, आणि ७० टक्के संसर्ग टळतो. ०.५ × ०.६ × ०.७ म्हणजे ०.२१. तिन्ही आकडे ऐकायला चांगले, गुणाकार मात्र २१ टक्के.

एक पेशंट सरासरी १.२ जणांना देत असेल तर २१ टक्के कपातीनं तो आकडा ०.९५ होतो आणि साथ हळूहळू विझते. तोच आकडा १.५ असेल तर १.१९ वर येतो, म्हणजे साथ वाढतच राहते, फक्त सावकाश. पथक तेच, कष्ट तेच, पण एका वेळी कौतुक आणि दुसऱ्या वेळी नोटीस. २०२१ च्या जून-जुलैत मुंबईची लाट ओसरली तरी सातारा, सांगली, कोल्हापूर चढेच राहिले, तेव्हा हा गुणाकार मला फार आठवायचा. शिवाय पेशंट वाढले की तिन्ही भाग एकदम घसरतात: चाचण्या तुंबतात, याद्या आखूड होतात, निरोप लांबतात. आपल्या पथकाला दिवसाला किती पेशंट झेपतात आणि कुठल्या आकड्यानंतर निरोपाचा वेळ एकदम वाढतो, हे शांततेच्या काळात जुन्या नोंदींवरून काढून ठेवा. तो आकडा ओलांडला की सगळ्यांमागं धावायचं सोडून ताजे पेशंट आधी घ्यावेत. आठ दिवसांपूर्वीच्या पेशंटमागं धावण्यात पाय दुखण्यापलीकडं काही होत नाही.

किती खात्री आहे? चिठ्ठ्यांचा डबा

४० पेशंटांवरून काढलेला ०.४३ आणि ०.८८ यातला फरक नशिबाचाही असू शकतो. आणि कोविडसारख्या आजारात नशीब फार मोठं असतं. तमिळनाडू आणि आंध्र प्रदेशातल्या ८४,९६५ बाधितांच्या ५,७५,०७१ संपर्कांचा अभ्यास झाला, त्यात सुमारे ७१ टक्के बाधितांच्या तपासलेल्या संपर्कांपैकी कुणालाच संसर्ग झालेला दिसला नाही. थोड्या माणसांनी पुष्कळांना दिला. तुमच्या तालुक्यातलं एक लग्न इकडच्या ढिगात पडलं की तिकडच्या, एवढ्यावर निकाल फिरू शकतो.

म्हणून असं करा. आपल्या उदाहरणात ११ अज्ञात मुळं, म्हणजे ११ साखळ्या. ११ चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाका. एक काढा, क्रमांक लिहा, चिठ्ठी परत डब्यात टाका. असं अकरा वेळा. काही साखळ्या दोनदा येतील, काही येणारच नाहीत. आलेल्या साखळ्यांवर पुन्हा दोन्ही आकडे काढा. हे सगळं दोनशे वेळा. (हातानं पाच वेळा करा, म्हणजे डोक्यात बसतं, उरलेले एक्सेल येणाऱ्या पोराकडून.) दोनशे फरक चढत्या क्रमानं लावा, खालचे पाच आणि वरचे पाच सोडून उरलेला पल्ला सांगा. पल्ल्यात शून्य येत असेल तर "फरक दिसतो, पण अजून खात्री नाही" असं लिहा. चिठ्ठी माणसाची नव्हे, अख्ख्या साखळीची टाकायची, हे विसरू नका. एका साखळीतली माणसं एकमेकांना बांधलेली असतात.

क्षयरोगासाठी वेगळं मोजमाप

टीबीत संसर्गापासून आजारापर्यंत महिने, कधी वर्षं जातात. मुलं मोजत बसलात तर निवृत्त व्हाल. तिथं पायऱ्यांची गळती मोजा. एका पेशंटच्या घरात किती माणसं, त्यातल्या किती जणांची तपासणी झाली, किती जणांना आजार निघाला, ज्यांना नाही निघाला त्यांतल्या किती जणांनी प्रतिबंधक औषध सुरू केलं, आणि किती जणांनी पुरं केलं. रोजची आयसोनियाझिडची गोळी सहा महिने, किंवा आठवड्याला एक असे बारा डोस. सुरू करणाऱ्यांचा आकडा अहवालात झळकतो, पुरं करणाऱ्यांचा शोधावा लागतो. निरोगी माणसाला सहा महिने गोळी घ्यायला लावणं सोपं नाही, "मला काय झालंय?" या प्रश्नाला आशाताई जे उत्तर देते, त्यावर पुढचं सगळं टिकतं. गळती कोणत्या महिन्यात होते तेही लिहा. ऊसतोड सुरू झाली की घर हलतं आणि गोळ्या मागं राहतात.

अहवालात काय लिहायचं

अर्धं पान पुरे. आपल्या काल्पनिक तालुक्याचा असा होईल: "चार आठवड्यांत ४० पेशंट. ३५ टक्के आधीच यादीत, २२.५ टक्के लक्षणांच्या दिवशी आधीच घरात. अहवालापासून निरोपापर्यंतचा मधला वेळ अमुक तास. शनिवारी त्याच्या दुप्पट. मूळ अज्ञात ११. यादीतल्यांकडून घराबाहेर १ संसर्ग, यादीबाहेरच्यांकडून १२. खात्रीचा पल्ला सोबत. एकही संपर्क न सांगणारे पेशंट इतके, त्यातले निम्मे एकाच गावचे."

ते शेवटचं वाक्य गाळू नका. माणूस नावं लपवतो तेव्हा त्याला कारण असतं. शेजारच्याच्या दारावर लागलेला फलक त्यानं पाहिलेला असतो, किंवा ज्याचं नाव सांगायचं त्याचा रोजगार बुडेल ही भीती असते. त्या गावात पुढच्या सोमवारी रजिस्टर घरी ठेवून जा. आधी चहा घ्या, आणि मागच्या वेळी ज्याला घरात बसवलं त्याच्या घरी किराणा पोचला होता का, ते विचारा.